दारातला धंदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत उभे राहून बोलण्याचा प्रसंग मजवर कधी आला नाही. पण विषय ऐकला आणि गप्प बसवेना. विषय आहे, बायकांनी चालवलेला लोकोपयोगी धंदा. ह्या विषयावर आपण दरवर्षी पापडाची गोष्ट ऐकतो. १९५९ साली मुंबईत गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले आणि त्याचे पुढे लिज्जत झाले, ती गोष्ट. गोष्ट खरी आहे, मोठी आहे, मलाही आवडते. पण ती आपण पुन्हा पुन्हा सांगतो ह्याचे एक कारण असेही असेल की पापडाला वास येत नाही. मी सांगणार आहे तो धंदा रोज सकाळी आपल्या दारात येतो आणि आपण नाकाला पदर लावून दार लोटतो.

आमची इमारत तीन मजल्यांची, चोवीस बिऱ्हाडांची. जिना अरुंद, लिफ्ट नाही. सकाळी आठच्या सुमारास खाली ढकलगाडी थांबते आणि मावशी वर येतात. मावशींचे नाव मी इथे घेत नाही, त्यांना ते आवडायचे नाही. एका हातात ओल्याची बादली, दुसऱ्या हातात सुक्याची गोणी. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करतात, म्हणजे भरलेली बादली घेऊन चढावे लागत नाही, उतरावे लागते. एवढी साधी अक्कल आहे ही, पण गणपतीत वरच्या मजल्यावर खुर्च्या चढवताना आपल्या पुरुषमंडळींना ती सुचली नव्हती, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

पुष्कळ वर्षे माझी समजूत अशी की मावशी पालिकेच्या नोकर आहेत. दरमहा आपण देतो ते पैसे म्हणजे वरखुशी. पोस्त म्हणा ना. एकदा महिन्याचे पैसे द्यायला मी दहा दिवस उशीर केला आणि वर म्हटले, "मावशी, तुम्हाला पगार आहेच की." तेव्हा त्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, आम्हाला पगार कोण देतो? तुम्ही देता तोच पगार. आम्ही नोकर नाही, आम्ही सभासद आहोत." आणि कमरेच्या पिशवीतून त्यांनी फोटोचे ओळखपत्र काढून माझ्या हातात दिले. मी ते वाचले. स्वच्छ सहकारी संस्था. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की माझ्या दारात येणारी बाई एका संस्थेची भागीदार आहे. मी स्वतः तर भिशीपलीकडे कशाची भागीदार नाही.

मग मी विचारत गेले. काही मावशींकडून, काही संस्थेच्या कार्यकर्त्या मंडळात आल्या होत्या त्यांच्याकडून, काही मुलीने वाचून दाखवले. ते सांगते.

तुमच्यापैकी ज्या जुन्या पुणेकर आहेत त्यांना रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कचराकुंड्या आठवत असतील. त्या कुंड्यांत वाकून कागद, काच, पत्रा, पुठ्ठा, हाडेसुद्धा वेचणाऱ्या बायका असत. बहुतेक दलित समाजातल्या. कित्येकींचे घर दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेले. पहाटे निघायचे, दुपारपर्यंत वेचायचे, भंगारवाल्याकडे घालायचे, तो देईल ते घ्यायचे. कुत्री मागे लागत, कुठे काही चोरीला गेले की पहिला संशय ह्यांच्यावर, आणि पोलिसांनी हटकले तर आपण कोण हे दाखवायला जवळ कागदाचा कपटाही नाही, दिवसभर कागद वेचूनसुद्धा.

१९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ह्या दोघी वस्तीत शिकवायला जात. त्यांच्या ध्यानात आले की नुसती बाराखडी शिकवून ह्या बायकांचे भागायचे नाही. कचरा कुंडीत जाऊन सडण्यापूर्वी घरातूनच वेगळा मिळाला तर कमाई वाढेल आणि हातही जरा बरे राहतील. म्हणून त्यांनी काही वसाहतींतल्या लोकांना विनवून घरातूनच सुका कचरा बायकांना मिळेल असे जमवले. ते चालू लागले न लागले तोच एका धंदेवाल्याने त्याच भागात गाडी घालून दारोदारचा कचरा उचलायला सुरुवात केली. गाडी आली म्हणजे बायकांचे गेले. बायका रस्त्यावर उतरल्या, गाडी अडवली. ह्या एका गाडीने जे शिकवले ते दहा वर्गांनी शिकवले नसते: एकेकटीने वेचून चालायचे नाही, संघटना पाहिजे.

तेव्हा त्या बाबा आढावांकडे गेल्या. बाबांनी हमालांची पंचायत बांधलेली होतीच; पाठीवर पोती वाहणाऱ्यांची संघटना होते तर डोक्यावर गोणी वाहणाऱ्यांची का होऊ नये? १९९३ च्या मे महिन्यात पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली, आठशेंवर माणसे जमली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. मावशी त्या परिषदेला होत्या. भाषणे काय झाली ते आठवत नाही म्हणतात. मुलगी कडेवर रडत होती तेवढे आठवते, आणि आपल्यासारख्या इतक्याजणी पुण्यात आहेत हे पाहून छाती दडपली, ते आठवते.

पुढे दोनतीन वर्षांत पालिकेने मान्यता दिलेली ओळखपत्रे मिळाली. आपल्याला ओळखपत्राचे काय विशेष? पण मावशी सांगतात, पहिल्यांदा शिपायाने हटकले आणि मी कार्ड काढून दाखवले, तर तो "जा बाई" म्हणाला. "जा गं" म्हणायचा तो. त्यांना त्या कार्डाचे तेवढेच मोल वाटते. पतपेढी निघाली, भंगाराची स्वतःची दुकाने निघाली, म्हणजे वजनात मारणे थांबले. २००१ साली एक अभ्यास झाला, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेसाठी. त्यात हिशेब निघाला की एकेक बाई दरमहा २४६ रुपयांचे काम पालिकेसाठी फुकट करते आहे. कारण तिने वेचले तेवढे पालिकेला वाहून न्यावे लागत नाही. त्यानंतर पालिकेने ह्यांचा वैद्यकीय विमा उतरवला. दया म्हणून मागितले असते तर कोणी जाणे मिळते की नाही. हिशेब मांडून मागितले. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपल्याला हे पटायला हरकत नाही.

आता खरी अडचण पुढे आली. २००० साली सरकारने नियम केला की शहरांनी कचरा दारोदार जाऊन गोळा करावा. नियम चांगला. पण कुंड्या गेल्या तर कुंड्यांवर जगणाऱ्यांनी काय करावे? मी असते तर कुंड्या काढू नका म्हणून मोर्चा काढला असता. ह्या बायकांनी उलटा विचार केला. दारोदार जायचेच आहे ना, मग आम्हीच जाऊ. कचरा आम्हाला आपल्या नगरसेवकांपेक्षा जास्त कळतो. २००५-०६ साली काही भागांत करून पाहिले, २००७ साली सहकारी संस्था नोंदवली आणि २००८ साली पालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. पूर्वीचा कुंडीत वाकलेला माणूस दारावरची घंटी वाजवू लागला. आज संस्थेचे तीन हजारांवर सभासद आहेत, बहुतेक स्त्रिया, आणि पुण्यातली लाखो घरे त्यांच्याकडे आहेत.

धंदा चालतो कसा ते थोडे सांगते, कारण "समाजसेवा" म्हटले की आपण हिशेब विचारत नाही, आणि तिथेच बऱ्याच चांगल्या संस्था बुडतात. ह्या कामाचे दोन पैसे आहेत. एक, घरटी दरमहा ठरलेली रक्कम, ती थेट त्या बाईच्या हातात. दुसरा, सुक्यातून जे विकले जाईल ते तिचे. पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, डबे, बाटल्या ह्यांना गिऱ्हाईक आहे. आपण जी चकचकीत वेष्टने आणतो, चिवड्याची, बिस्किटांची, शाम्पूच्या पुड्यांची, त्यांना बहुधा कोणी घेत नाही. ती ती उचलते, निवडते, आणि मोबदल्यावाचून गाडीत घालते. पावसाळ्यात कागद भिजला की भाव पडतो. आपण ओल्यासुक्याची भेळ केली की तिचा दुसरा पैसा गेलाच, वर निवडण्यात दोन तास गेले. म्हणजे आपण कचरा वेगळा देतो तो उपकार नव्हे. न देणे म्हणजे तिच्या मजुरीत हात घालणे. हे मला फार उशिरा समजले आणि कसे समजले ते सांगायलाच मी उभी आहे.

२०१८ सालची गोष्ट. इमारतीच्या बैठकीत एका खासगी माणसाचा निरोप आला. गाडी घेऊन येतो, घरटी दहा रुपये कमी घेतो, आणि कचरा वेगळा करायची कटकट नाही, सगळे एकत्र द्या. कोणीतरी म्हणाले, मावशींचे वय झाले, कधी सुट्टी घेतात. कोणी म्हणाले, गाडी म्हणजे आधुनिक पद्धत. चोवीस घरांचे मिळून महिन्याचे दोनशे चाळीस रुपये वाचत होते. हात वर करा म्हटले. मी केला. भगिनींनो, मी केला. मावशी नोकर नाहीत, सभासद आहेत, हे ज्या बाईने त्यांच्या तोंडून ऐकले होते, तीच मी. मनात असे की सगळेच करताहेत, मी एकटीने खाली ठेवून काय होणार. आणि दहा रुपयांच्या खाली, खरे सांगायचे तर, दोन बादल्या ठेवण्याचा कंटाळा होता. मावशींना सांगायचे काम मात्र कोणीच घेतले नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे वर आल्या तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दारातून सांगितले. मावशी काही बोलल्या नाहीत. खाली उतरताना माझ्या दाराशी थांबल्यासारख्या वाटल्या. मी आतल्या खोलीत गेले होते.

गाडी पाच आठवडे आली. पहिले दोन रोज, मग दिवसाआड, मग तिचा नेमच राहिला नाही. गाडीवरचा मुलगा जिना चढत नसे. खाली शिट्टी वाजवी आणि आपण धावायचे. ज्यांची मुले कामावर जातात त्या म्हाताऱ्या आजींनी तिसऱ्या मजल्यावरून बादली घेऊन कसे धावावे? कोणी बादल्या जिन्यात ठेवू लागले. सगळे एकत्र, त्यात पावसाळा. जिन्यात अळ्या झाल्या. सहाव्या आठवड्यात गाडी आलीच नाही आणि फोनही उचलेना. त्याच वेळी मला उरुळी आणि फुरसुंगीच्या लोकांची आठवण झाली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या गावाशेजारी पडला, त्यांनी गाड्या अडवल्या की आपण वर्तमानपत्र वाचून म्हणायचो, काय हे लोक! आमचा एक जिना सहा आठवडे सहन होईना.

मावशींना शोधायला मीच गेले. प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका, माझ्या दारासमोर घाण होती. पुढच्या गल्लीत त्या आणि त्यांची सून फाटकाजवळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटले, "मावशी, चुकले आमचे. उद्यापासून या." मला वाटले रागावतील, नाहीतर हसून येते म्हणतील. त्या म्हणाल्या, "ताई, येईन. पण आधी बोलून घेऊ." आणि मग, गोणीवरून हात न काढता, त्यांनी अटी सांगितल्या. ओला वेगळा, सुका वेगळा, एकाही घरातून एकत्र आला तर ती बादली उचलणार नाही. पैसे पाच तारखेच्या आत, एकीने गोळा करून. महिन्यातून ठरलेल्या सुट्ट्या. काच असेल तर कागदात बांधून, वर लिहून. शेवटची अट सांगताना त्यांनी उजव्या हाताचा अंगठा दाखवला. आडवा व्रण. "हा तुमच्याच घरचा," म्हणाल्या. फुटलेली बरणी होती, मला आठवली. लोणच्याची. मी ती तशीच बादलीत टाकली होती. चार टाके पडले, पंधरा दिवस काम बंद. हे मला त्यांनी दोन वर्षे सांगितले नव्हते.

दहा रुपये कमी करा असे म्हणायची माझी छाती झाली नाही. पैसे गोळा करायचे काम तेव्हापासून माझ्याकडे आहे. दर महिन्याला दोन घरे अजून मागे लागायला लावतात. नावे घेत नाही. एक ह्या सभागृहात आहे.

आता एक असा मुद्दा की जो पुरुषमंडळी असती तर मी काढला नसता. दर महिन्याच्या अडचणीचे कपडे. आपल्या आया जुनी लुगडी धुऊन अंधारात वाळत घालीत. आता विकतचे पॅड आले, सोय झाली, आपण वापरून टाकून देतो. टाकतो कुठे? बादलीत, उघडे, फार तर प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी त्या बाईला उघडून पाहावी लागते, कारण आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. आपले स्वतःचे धुवायची आपल्याला किळस, आणि इमारतीतल्या चोवीस घरांचे तिने हाताने निवडायचे. हे मावशींनी मला कधी सांगितले नाही. त्यांच्या सुनेने सांगितले, तेही तोंड दुसरीकडे करून.

ह्या बायकांनी त्यावर हातावर हात ठेवून रडत बसायचे नाकारले. जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या करून त्यांनी त्या विकायला काढल्या. वापरलेले पॅड पिशवीत घाला, तोंड बंद करा, झाले. निवडणाऱ्याच्या हाताचे रक्षण आणि करणारीला दोन पैसे. २०१३ साली तर त्यांनी वापरलेल्या पॅडांची पोतीच्या पोती पॅड करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना परत पाठवली. तुमचा माल, तुम्हीच सांगा ह्याचे काय करायचे! मला हे वाचून दाखवले तेव्हा मी पोळ्या लाटत होते, हसताहसता पोळी करपली. पुढे २०१६ च्या सरकारी नियमांत आले की कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला वेष्टन द्यावे. आणि २०१७ साली संस्थेने सांगायला सुरुवात केली की निदान कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावे लागणार नाही. लाल ठिपका! कुंकवाची डबी ज्यांच्या घरात आहे त्यांना ह्याहून सोपे काय सांगायचे?

आमच्या मुलींना हे सांगताना त्या लाजत नाहीत. लाजतो आपण. मी जेव्हा जिन्यातल्या फळ्यावर "लाल ठिपका काढावा" असे लिहिले तेव्हा एका वहिनींनी रात्री येऊन ते पुसले. मी पुन्हा लिहिले. तिसऱ्यांदा कोणी पुसले नाही.

सगळे गोड आहे असे मात्र समजू नका. पालिकेशी करार मुदतीचा असतो. मुदत संपत आली की पुन्हा ठेकेदाराच्या गाड्यांची चर्चा निघते, आणि तीन हजार घरांत चूल आणि काळजी एकदम पेटते. २०२० साली टाळेबंदीत आपण सगळे दारे लावून बसलो, भाजीसुद्धा धुऊन घेत होतो, त्या वेळी मावशी आणि सून रोज येत होत्या. आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. आमच्या इमारतीत त्या दोन महिन्यांत किती घरांनी वेळेवर पैसे दिले ते माझ्या वहीत आहे. अकरा. बाकीची घरे म्हणत, हातात घ्यायला दारात कोण येणार, नोटेलाही रोग असेल. मी नोटा पाकिटात घालून दोरीने खाली सोडल्या. मावशींनी पाकीट उघडून मोजल्या, बोट वर करून एक कमी आहे म्हणाल्या. खरेच कमी होती.

आता मावशींचा गुडघा दुखतो. वरचे दोन मजले सून करते, त्या खाली गाडीशी निवडत बसतात. सुनेचे शिक्षण दहावी. माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त. हिशेब तीच लिहिते, नि माझ्या वहीत चूक असली तर दाखवते.

मंडळापुढे माझी मागणी लहानशी आहे. मंगळवारी आपण भजनानंतर अर्धा तास नुसत्या बसतो. त्या वेळात वर्तमानपत्राच्या पिशव्या करू. आपण किती वेगाने वाती वळतो ते ठाऊक आहे मला. आठवड्याला शंभर पिशव्या सहज होतील. विकायच्या नाहीत, त्यांच्या धंद्यात आपण शिरायचे नाही. आपापल्या इमारतीत वाटायच्या, आणि संपल्या की पुढच्या मात्र संस्थेकडून विकत घ्यायच्या. खळ मी करून आणते. रद्दी प्रत्येकीने आपली आणावी, चकचकीत पानांची नको, ती चिकटत नाहीत. ज्यांना यायचे आहे त्यांनी नाव लिहावे. वही दाराजवळच्या टेबलावर, पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवली आहे.